आपल्या बॅडमिंटन-टेनिस क्लबनं लोकांशी बोलायचं कसं, हे कसं ठरवावं

नागपुरात बॅडमिंटनचा हॉल काढायचा, टेनिस कोर्ट घ्यायचं किंवा आता पिकलबॉल (पॅडल आणि छिद्रांच्या प्लास्टिक बॉलनं खेळायचा खेळ) सुरू करायचं म्हटलं की लोगो ठरतो, टी-शर्टचा रंग ठरतो, मॅट कुठली आणि लाईट किती उंचीवर हेही ठरतं, पण क्लब लोकांशी बोलणार कसा हे कोणीच बसून ठरवत नाही. मग इन्स्टाग्रामवर "अनलीश युअर चॅम्पियन" छाप इंग्रजी, व्हॉट्सअॅप ग्रुपवर "सर्व सभासदांना सूचित करण्यात येते", फोन केला तर "भैया स्लॉट फुल है" आणि कोर्टवर कोच मात्र अगदी घरच्यासारखा, अशी एकाच क्लबची चार तोंडं होतात आणि नवीन माणसाला कळतच नाही की हे नेमके कोण लोक आहेत. हे सरळ करायला एजन्सी वगैरे लागत नाही. एक वही लागते, आठ-दहा दिवस लागतात आणि क्लबमधली दोन-तीन माणसं लागतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. क्लबचा स्वभाव एकच असतो, तो रोज बदलत नाही, पण सूर प्रसंगाप्रमाणे बदलतो. टूर्नामेंट जिंकल्याचा मेसेज आणि कोणाचा पाय मुरगळला तेव्हाचा मेसेज एकाच सुरात कसा जाईल? पण दोन्ही वाचून माणूस तोच आहे हे कळलं पाहिजे, बस.

1. आधी कोर्टवर जाऊन ऐका

क्लबचा आवाज, म्हणजे त्याची बोलायची पद्धत, कोऱ्या कागदावर तयार करायची नसते, ती आधीपासून कोर्टवर असते. सकाळी 6 च्या बॅचला जाऊन बसा आणि संध्याकाळी 7-8 च्या गर्दीतपण बसा, सगळ्यांना आधी सांगून ठेवा की आम्ही हे कशासाठी करून राहिलो, मोबाईलवर रेकॉर्ड वगैरे करू नका, नुसतं वहीत लिहा. नवीन पोराची सर्व्हिस तिसऱ्यांदा नेटमध्ये गेली तेव्हा कोच काय म्हणाला? सकाळच्या डबल्समधले काका-काकू पार्टनरला काय म्हणतात? काउंटरवरचा मुलगा फोन उचलल्यावर पहिलं वाक्य काय बोलतो? रॅकेट गटिंगला (तारा विणायला) देणाऱ्याला "दोन दिवस लागतील" हे तो कसं सांगतो?

दुसरीकडे गेल्या तीन महिन्यांचं सगळं लिखाण काढा, म्हणजे ग्रुपवरचे मेसेज, गूगलवरच्या रिव्ह्यूंना दिलेली उत्तरं, भिंतीवरच्या पाट्या, फीच्या पावतीवर खाली छापलेली ओळ, सगळं. प्रिंट मारा आणि प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचा. समोरच्या माणसाच्या तोंडावर जे तुम्ही कधीच बोलणार नाही ते खोडा, जे सहज बोलाल त्याखाली रेघ मारा. "विनापरवानगी प्रवेश केल्यास कारवाई करण्यात येईल" हे तुम्ही दारात उभ्या असलेल्या, पोराला घ्यायला आलेल्या आजोबांना म्हणाल का? नाही ना, मग पाटीवर कशाला. या एका कामातून निम्मं गणित सुटतं.

2. ऐकणारा कोण आहे ते ठरवा

सगळ्यांशी एकदम बोलायला गेलं की कोणालाच ते आपल्यासाठी आहे असं वाटत नाही. चार माणसं डोळ्यासमोर आणा: अकरा वर्षांच्या मुलीची आई, जी फी भरते आणि बाहेर तासभर बसते, मिहानमधल्या कंपनीत काम करणारा, कॉलेजनंतर रॅकेट हातात न धरलेला तिशीतला माणूस, रिटायर झालेले काका ज्यांना गुडघा सांभाळून खेळायचं आहे, आणि जिल्हा लेव्हलला खेळणारं पोरगं ज्याला फक्त चांगलं कोर्ट आणि चांगला स्पारिंग पार्टनर पाहिजे.

माझं मत विचाराल तर आवाज त्या तिशीतल्या माणसासाठी ठरवा. चांगला खेळणारा तुमच्याकडे मॅट, लाईट आणि कोच बघून येतोच, त्याला तुमच्या भाषेनं फार फरक पडत नाही. पण ज्याला खेळता येत नाही तो आधीच लाजत असतो, त्याला वाटतं तिथं सगळे स्मॅश मारणारे असतील, आपण काय दिसू. तो फोन करतो आणि समोरून "बिगिनर की इंटरमिजिएट?" असा प्रश्न आला की गडबडतो, "नंतर सांगतो" म्हणून फोन ठेवतो आणि परत कधी करत नाही. त्याच जागी "आधी कधी खेळला होता का? नसेल तरी चालतं, पहिले दोन दिवस रॅकेट आम्हीच देतो" असं ऐकलं तर तो येतो. खेळ वाढतो तो असाच.

त्याच्यासाठी खेळातले शब्द जरा उलगडून सांगायची सवय पण लावून घ्या. "नॉन-मार्किंग शूज अनिवार्य" एवढंच लिहिलं तर त्याला काय कळणार? "कोर्टवर काळे डाग न पाडणारे, रबरी सोलचे बूट घाला, रस्त्यावर वापरलेले बूट बाहेर काढा, त्यांच्या खड्यांनी मॅट फाटते" असं लिहिलं की कारणासकट कळतं, आणि कारण कळलं की लोक ऐकतात. पिकलबॉल सुरू केलं असेल तर तिथं हे आणखी लागतं. त्याचं कोर्ट साधारण बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टाएवढंच असल्यामुळे लोकांना वाटतं नियमपण तसेच असतील, आणि मग सर्व्हिसवरून भांडणं. बॅडमिंटनमध्ये शटल लाईनवर पडलं तरी इन असतं, पण पिकलबॉलमध्ये सर्व्हिस किचनच्या (नेटजवळच्या पट्ट्याच्या) लाईनला लागली की फॉल्ट, हे दोन ओळींत आणि साध्या भाषेत कोर्टच्या बाजूला लावून ठेवा.

3. दोन-तीन गुण निवडा आणि प्रत्येकाला कुंपण घाला

इथं बरेच जण "प्रोफेशनल, पॅशनेट, प्रीमियम" असं लिहून मोकळे होतात. एक सोपी टेस्ट सांगतो, समोरच्या जिमनं तेच शब्द उचलून स्वतःच्या बोर्डवर लावले आणि काहीच बिघडलं नाही, तर ते शब्द तुमचे नाहीत. अडकलात तर निल्सन नॉर्मन ग्रुप या वेबसाईट-अॅपच्या वापराचा अभ्यास करणाऱ्या कंपनीनं 2016 मध्ये मांडलेल्या चार पट्ट्या वापरा, म्हणजे गमतीदार की गंभीर, औपचारिक की घरगुती, आदरानं की बिनधास्त, उत्साही की मुद्द्यापुरतं, आणि प्रत्येक पट्टीवर आपला क्लब कुठं आहे तिथं खूण करा. मालक, कोच आणि काउंटरवाला, तिघांनी वेगवेगळं बसून खुणा करायच्या आणि मग ताडून बघायच्या. जिथं खुणा लांब पडतात तिथंच खरी चर्चा करायची असते.

गुण लिहिताना त्याची हद्दपण लिहा. "आपुलकीनं बोलतो, पण लाडीगोडी लावत नाही." "खेळावर जीव आहे, पण ज्याला खेळ येत नाही त्याला कमी लेखत नाही." ही दुसरी ओळ तर मला प्रत्येक क्लबच्या भिंतीवर हवी आहे, कारण ती जाहिरातीपुरती राहत नाही, कोर्टवरच्या बोलण्यालाही लागू होते. "मुलीसारखं काय मारतो बे" हे वाक्य कोचच्या तोंडून येत असेल तर तुमचं इन्स्टाग्राम कितीही गोड असो, त्याचा उपयोग नाही. आपल्या नागपूरच्या मालविका बनसोडनं जानेवारी 2022 मध्ये इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला सरळ दोन गेममध्ये हरवलं, त्या शहरातल्या कोर्टवर हे वाक्य चालू देऊच नये. आणि हो, मालविकाचा फोटो परवानगीशिवाय पोस्टरवर टाकून "पुढची चॅम्पियन तुमच्या घरात" असंही लिहू नका. आईबापांना खोटी आशा लावणं बरोबर नाही, आणि आठ वर्षांच्या लेकरावर ते ओझं होतं.

4. तू, तुम्ही, हिंदी, मराठी, आपली बोली

लिहिताना सगळ्यांना "तुम्ही", हे डोळे मिटून ठरवून टाका. कोर्टवर कोच पोरांना "तू" म्हणेल, काकांना काका म्हणेल, ते तसंच राहू द्या. "आपण", "आपणांस" मात्र नको, त्यानं लगेच सरकारी पत्र वाचल्यासारखं वाटतं.

नागपुरात निम्मं बोलणं हिंदीत होतं हे मान्य करून चला. मेसेज दोन भाषांत पाठवायचा असेल तर मराठीचं हिंदी करू नका, दोन्ही वेगवेगळे लिहा, आणि हिंदी ज्याच्या घरात बोलली जाते अशा माणसाकडून लिहून घ्या. फोनवर समोरचा ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत उत्तर द्यायचं, एवढा एकच नियम.

वऱ्हाडी-नागपुरी किती वापरायची? माझ्या मते थोडी आणि मनापासून. "खेळून राहिले", "येऊन जा", "काहून नाही" हे सहज आलं तर येऊ द्या. पण आपली बोली फक्त हसवायला वापरायची, म्हणजे प्रत्येक रीलमध्ये "काय बे पोट्टेहो" करून ओरडायचं, हे करू नका. ही आपल्या आईवडिलांची भाषा आहे, तिच्यात फीचा मेसेजपण देता येतो आणि सांत्वनपण करता येतं.

5. खरा आवाज अवघड मेसेजमध्ये ठरतो

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. उद्घाटनाची पोस्ट कोणीही छान लिहितो, कस लागतो तो फी थकली, कोर्ट बंद ठेवावं लागलं किंवा कोणी चिडून रिव्ह्यू टाकला तेव्हा. म्हणून हे पाच-सहा मेसेज आत्ताच, डोकं शांत असताना लिहून ठेवा.

फीचं घ्या. नेहमीचा मेसेज असा असतो: "सर्व सभासदांना सूचित करण्यात येते की ज्यांची फी थकीत आहे त्यांनी ती त्वरित भरावी अन्यथा प्रवेश दिला जाणार नाही. हुकुमावरून." ज्यांनी पहिल्या तारखेला भरली त्यांनापण हे वाचावं लागतं, आणि ज्यानं नाही भरली त्याची सगळ्यांसमोर अडचण होते. हा मेसेज ग्रुपवर टाकूच नका, एकेकाला पाठवा:

"नमस्कार काका, जूनची फी अजून आलेली दिसत नाही. 10 तारखेपर्यंत यूपीआयनं किंवा काउंटरवर भरली तर तुमचा सकाळचा 6 चा स्लॉट तुमच्याच नावावर ठेवतो. आधीच भरली असेल तर स्क्रीनशॉट पाठवा, आमच्या नोंदीत राहिलं असेल तर दुरुस्त करतो. काही अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा."

यात तारीख आहे, काय होईल ते आहे, चूक आपलीही असू शकते हे आहे, आणि धमकी कुठंच नाही. तरी मेसेज मऊ नाही, 10 तारीख म्हणजे 10 तारीख.

दुसरं आपल्या इथलं खास, उन्हाळा. मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो, नवतपात तर जीव नकोसा होतो, आणि दरवर्षी बॅडमिंटन हॉलमध्ये एकच तक्रार, कूलर का नाही लावत? याचं उत्तर "नियमानुसार कूलर लावता येणार नाही" असं दिलं तर लोक चिडणारच, कारण त्यांना वाटतं तुम्ही बिल वाचवून राहिले. खरं कारण सांगा की, ते इंटरेस्टिंग आहे. शटल जेमतेम पाच ग्रॅमचं असतं, 16 पिसांचं, जराशी हवा लागली की वाहवत जातं. त्यातून गरम हवा विरळ असते त्यामुळे शटल जास्त लांब जातं, म्हणून उन्हाळ्यात कमी नंबरचं, म्हणजे हळू शटल घ्यावं लागतं. मग मेसेज असा होतो:

"बरेच जण विचारून राहिले की हॉलमध्ये कूलर का नाही. खेळ चालू असताना कूलर लावला तर शटल हवेनं वाहतं आणि गेमची मजा जाते, म्हणून कोर्टवर लावत नाही. बाहेर बसायच्या जागेत कूलर आणि माठ दोन्ही आहेत. या महिन्यात शटल 76 नंबरचं वापरतोय, गरमीत ते बरोबर पडतं. दुपारी 12 ते 4 हॉल बंद राहील. चक्कर आल्यासारखं वाटलं तर गेम तिथंच सोडा आणि काउंटरला सांगा, ओआरएस ठेवलेलं आहे."

असा मेसेज वाचणारा चार लोकांना पाठवतो, कारण त्यात त्याला काहीतरी नवीन कळलं. फक्त एक बघा, माठ आणि ओआरएस खरंच ठेवा, नाही तर लिहू नका.

चिडलेल्या रिव्ह्यूला उत्तर देताना पहिल्या ओळीत त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत मान्य करा, मग काय केलं ते सांगा, आणि "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद" कापून टाका. कोणाला लागलं असेल तर मेसेजआधी फोन करायचा, आणि त्या दिवशी पेजवर जोरदार रील टाकायची नाही.

6. एका पानावर आणा आणि काउंटरवर ठेवा

वीस पानांची पीडीएफ कोणी वाचत नाही. एकच पान करा, त्यात तुमचे गुण कुंपणासकट, तुम्ही-तूचा नियम, ते तयार मेसेज आणि शब्दांची छोटी यादी. "सभासद" की "मेंबर", "शुल्क" की "फी", "प्रशिक्षक" की "कोच", एकदाच ठरवा. लोक मेंबर, फी आणि कोच म्हणतात, तेच लिहा. वेळ "सकाळी 6 ते 7" अशी, तारखेसोबत वार, आणि मोठ्ठी उद्गारचिन्हं एका मेसेजमध्ये जास्तीत जास्त एक.

मग ते पान नवीन माणसाच्या हातात द्या, ज्यानं बनवण्यात भाग घेतला नाही अशा, आणि त्याला तीन मेसेज लिहायला सांगा: उद्या लाईटच्या कामामुळे 2 नंबरचं कोर्ट बंद आहे, रविवारच्या डबल्स टूर्नामेंटची नावं द्या, आणि एका मेंबरची रॅकेट गटिंग करताना तुटली. पहिले दोन बहुतेक जमतात. तिसरा जमला नाही तर पानात काय कमी आहे ते तिथंच दिसतं, ते लिहून टाका आणि पान परत छापा. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर बॅचेस बदलतात, लोक बदलतात, तेव्हा एकदा काढून बघायचं, आणि नवीन कोच आला की पहिल्या दिवशी हॉलच्या किल्लीसोबत हे पानपण त्याच्या हातात द्यायचं.