विष फोडणारं एन्झाइम चालत नाहीये? या चुका टाळा

कपाशीवर मारतो त्यातली बरीच औषधं आणि सरीनसारखे युद्धातले विषारी वायू एकाच, ऑर्गॅनोफॉस्फरस कुळातले. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशक शोधत होते आणि हाती लागला टाबुन हा विषारी वायू. मातीतल्या काही जिवाणूंकडे या कुळातलं विष फोडणारं एन्झाइम असतं, फॉस्फोट्रायएस्टरेज. जळगावला कॉलेजात शिकवताना दर वर्षी मुलं कपाशीच्या शेतातली माती आणतात, जिवाणू वाढवतात आणि त्याच त्या चुकांत अडकतात.

सगळ्यात फसवी चूक रंगाची. मिथाईल पॅराथिऑन हे कीटकनाशक फुटलं की पॅरानायट्रोफिनॉल सुटतं आणि नळी हळदीसारखी पिवळी होते. एकदा दुपारी पिवळी झालेली नळी संध्याकाळी जवळजवळ पांढरी दिसली. पोरं हिरमुसली, "सर, एन्झाइम मेलं." मी नळीत सोड्याच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले. पिवळा रंग लगेच परतला. झालं इतकंच होतं की विष फुटताना आम्ल तयार होतं, सामू खाली येतो आणि आम्लात हा रंग दिसतच नाही. शिवाय या एन्झाइमला ८ ते ९ च्या आसपासचा सामू मानवतो, त्यामुळे आम्ल वाढलं की त्याचा वेगही पडतो. म्हणून साध्या पाण्यात प्रयोग करू नका, बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारं द्रावण, घ्याच. आणि एन्झाइम न घातलेली एक नळी शेजारी ठेवा. अल्कधर्मी पाण्यात ही विषं आपोआपही थोडी फुटतात, ते श्रेय एन्झाइमला देऊ नका.

उन्हाळ्यात नमुना गाडीच्या डिकीत ठेवून आणणं, ही आपल्याकडची खास चूक. मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात डिकी तापते आणि एन्झाइमची घडी विस्कटू शकते. बर्फाचा डबा न्या. ब्लीचिंग पावडर आणि एन्झाइम एकत्र टाकू नका, क्लोरीन एन्झाइमलाच संपवतं. ईडीटीए असलेला साबणही नको, तो एन्झाइमच्या गाभ्यातलं जस्त ओढून घेतो.

एकच एन्झाइम सगळ्या विषांना पुरत नाही. सरीनमधला फ्लोरिनचा बंध ते तोडतं, पण व्हीएक्स या दुसऱ्या युद्धविषातल्या गंधकाच्या बंधापुढे मूळ एन्झाइम फार सावकाश चालतं, म्हणून संशोधक त्यात बदल घडवतात. पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक तर वेगळ्याच कुळाचं, तिथे त्याचा उपयोगच नाही. आधी बाटलीवरचं नाव वाचा.

शेवटची चूक जिवावरची आहे. प्रयोगातलं हे एन्झाइम म्हणजे बाधा झालेल्या माणसाचं औषध नव्हे. फवारणी करून आलेला भाऊ "डोकं गरगरी ऱ्हायनं" म्हणाला, घाम सुटला, लाळ गळू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर लिंबूपाणी पाजत संध्याकाळची वाट बघू नका. कपडे काढा, अंग साबणाने भरपूर पाण्यात धुवा. धुणाऱ्याने स्वतः हातमोजे घालावेत. आणि ताबडतोब दवाखाना. तिथे अ‍ॅट्रोपिन आणि गरजेप्रमाणे पॅम (प्रॅलिडॉक्सिम) ही उताऱ्याची औषधं देतात. पॅम लवकर मिळावं लागतं, कारण विषाने जखडलेलं शरीरातलं, नसांसाठी लागणारं वेगळं एन्झाइम काही वेळाने सोडवता येत नाही. सोमन या वायूत ती मुदत अवघ्या काही मिनिटांची असते. जाताना औषधाची बाटली किंवा लेबल पिशवीत घालून सोबत न्या, डॉक्टरांना पहिल्यांदा तेच बघायचं असतं.