रशनंतर मुली का गळतात? सोरॉरिटीवाल्यांनो, या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतल्या आमच्या कॉलेजगावात रशची, म्हणजे सोरॉरिटी या विद्यार्थिनींच्या संघटनांत नव्या मुली निवडण्याची, धांदल सुरू होते. एका चॅप्टरची (सोरॉरिटीच्या कॉलेजातल्या शाखेची) सल्लागार म्हणून दरवर्षी हेच ऐकते: "ताई, यंदा पहिल्याच फेरीत निम्म्या उडवल्या!" बरं. डिसेंबरात किती उरल्या, तेही सांगा की.

चाळणी जितकी बारीक, तितकी आत आलेली मुलगी खूश आणि टिकाऊ, ही यांची ठाम समजूत. कुणीतरी सायकॉलॉजीच्या वर्गातून ॲरन्सन आणि मिल्स यांचा 1959 चा प्रयोग शिकून येते आणि तोच पुरावा म्हणून नाचवते. गटात शिरण्याआधी ज्या विद्यार्थिनींना जास्त लाजिरवाणी परीक्षा द्यावी लागली, त्यांना गटाची मुद्दाम कंटाळवाणी केलेली चर्चा अधिक आवडली. झालं, एवढंच. एक रेकॉर्डिंग ऐकून लगेच दिलेलं मत ते! दर आठवड्याची मीटिंग, दर सेमिस्टरची ड्यूज (वर्गणी) आणि चार वर्षं यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. शिवाय किती जणींना परत बोलवायचं हा आकडा मोठ्या रशमध्ये रिलीज फिगर नावाच्या गणितातून येतो, आधीच्या वर्षांत बोलावलेल्यांपैकी किती मुली तुमच्याकडे परत आल्या त्यावरून. त्यात तुमची कसली ऐट?

एका चॅप्टरने इन्स्टाग्राम चाळून, कपडे बघून मुली घेतल्या. बिड डेचे, म्हणजे मुलींना बिड (सदस्यत्वाचं आमंत्रण) मिळते त्या दिवसाचे, फोटो झकास आले. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास त्यातली एक सदस्यत्वाची पिन परत करायला आली. म्हणाली, "रशमध्ये सगळ्या गोड बोलायच्या. आता जेवायला गेले तर शेजारी कुणी बसत नाही." तिच्यामागोमाग आणखी गेल्या. निवडण्यात सगळा जीव ओतला आणि निवडून झाल्यावर कुणाला वेळच नव्हता.

तेव्हापासून माझ्या चॅप्टरमध्ये नियम आहे: "हीच हवी" म्हणून जी भांडेल, तिने नोव्हेंबरपर्यंत दर आठवड्याला त्या मुलीबरोबर जेवायचं. भांडणं निम्मी झाली. ॲपवर गुण देऊन दहा मिनिटांत यादी उरकणाऱ्यांना हे जाचक वाटतं. वाटू दे.

बाकीच्या चुका. ड्यूजचा आकडा बिड डेनंतर सांगणं: मुलगी पैशापायी गेली तर दोष तुमचा. लेगसी (आई त्याच सोरॉरिटीत होती अशी मुलगी) म्हणून डोळे झाकून घेणं: आवड आईची असते, लेकीची असेलच असं नाही.

आणि मुलींनो, प्रेफरन्सच्या रात्री, म्हणजे शेवटच्या फेरीनंतर पसंतीच्या चॅप्टरची यादी देताना, घाईत सही करू नका. यादीत लिहिलेल्या चॅप्टरची बिड आली आणि नाकारली, तर त्या कॅम्पसवर पुढच्या मुख्य रिक्रूटमेंटपर्यंत पॅनहेलेनिक या सोरॉरिटींच्या महासंघातल्या दुसऱ्या सोरॉरिटीत जाता येत नाही. एकच नाव लिहून अडून बसलात, तर हात रिकामे राहू शकतात.