अ‍ॅझ्टेक ब्यूटचं धान्यकोठार बघायला जाताय? या चुका टाळा

यूटामधल्या कॅनियनलँड्स नॅशनल पार्कला गेलेली आपली मंडळी मेसा आर्चपाशी फोटो काढतात आणि मोॲबला परततात. थोडं पुढे, अपहीव्हल डोमच्या रस्त्यावर अ‍ॅझ्टेक ब्यूट ही सपाट माथ्याची टेकडी आहे, शेजारी तिच्याहून लहान आणखी एक. जाऊन-येऊन अडीच किलोमीटरच्या आसपास. तिथे कड्याच्या कपारीत सातशेहून जास्त वर्षांची दगडी धान्यकोठारं आहेत.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मोठ्या टेकडीवर दमछाक करत चढायचं, चौफेर देखावा बघायचा आणि ‘कोठार कुठे दिसलंच नाही’ म्हणत उतरायचं. वाटेत फाटा लागतो. त्याने लहान टेकडीवर जा आणि माथ्यावरच थांबू नका. कोठारं माथ्याच्या किंचित खाली, कातळाच्या छपराखाली दडलेली आहेत. पाऊस थेट लागत नाही, म्हणूनच तर ती टिकली.

किल्ल्यांवर बुरुजाला टेकून बसायची आपल्याला सवय असते. इथे ती अजिबात नको. या भिंतींत चुना नाही; चपटे दगड नुसत्या मातीत बसवलेत. मका साठवायचा, उंदरांपासून जपायचा, एवढ्यासाठी केलेलं बांधकाम ते. पोराला फोटोसाठी भिंतीवर बसवलं की एखादा दगड निसटलाच. आत डोकावायचं तर बाहेरूनच, हात न लावता. जमिनीवर खापराचा तुकडा दिसला तर खिशात घालू नका. अमेरिकेच्या १९७९च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

मुलांना ही अ‍ॅझ्टेकांची कोठारं म्हणून सांगू नका. अ‍ॅझ्टेक मेक्सिकोचे. ही बांधली प्यूब्लो लोकांच्या पूर्वजांनी. होपी आणि झुनी त्यांचेच वंशज.

वाट सोडून शॉर्टकट मारू नका. बाजूच्या मातीवरचा काळपट, खडबडीत थर जिवंत असतो आणि एका पावलाने मोडलेला भरून यायला कित्येक वर्षं लागतात. पाणी गाडीतूनच घेऊन निघा, वाटेवर कुठेच मिळत नाही.

सह्याद्रीत फिरलेल्यांनाही एक सांगावंसं वाटतं: इथला वालुकाश्म कोरडा असताना बुटाला छान पकड देतो, त्यामुळे चढताना काहीच वाटत नाही, पण उतरताना खरी परीक्षा होते. गुडघे कुरकुरत असतील तर मोठी टेकडी सरळ सोडून द्या. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग गडगडायला लागले, तर कोठार राहिलं तरी चालेल, आधी गाडी गाठा.