बॉयलरसाठी भाड्याची डीएम गाडी मागवताय? या चुका टाळा

उसाचं गाळप तोंडावर आलंय, आपल्या डीएम प्लांटचं (बॉयलरच्या पाण्यातले क्षार काढणारा प्लांट) रेझिन (क्षार धरून ठेवणारे बारीक मणी) गेलंय, मग फोनाफोनी करून भाड्याची गाडी, म्हणजे ट्रकवर बसवलेला तसाच प्लांट, आणायची, हे आमच्या चिकोडी-हुक्केरी (बेळगाव जिल्हा) भागातल्या साखर कारखान्यांना नवीन नाही. चार दिवसांत पाणी बिघडतं आणि सगळे गाडीलाच शिव्या घालायलेत. माझ्या मते खोट बऱ्याचदा आपल्याच घरात असते.

पहिली गोष्ट सॅम्पल. मे महिन्यात बोअरचं पाणी बाटलीत भरून पाठवायचं आणि ऑक्टोबरात गाडी नदीच्या पाण्यावर चालवायची, मग कसं जमणार? बोअरला हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार), तर परतीच्या पावसानंतर हिरण्यकेशी गढूळ. गाडीवर आरओ असेल तर एसडीआय (पाणी मेंब्रेन किती चोक करेल ते सांगणारा आकडा) ५ च्या आत पाहिजेच, ३ च्या आत असेल तर बरं, नाहीतर मेंब्रेन चोक. आणि शेवाळ झालं म्हणून कोणीतरी टाकीत ब्लिचिंग पावडर ओततो, क्लोरीन मेंब्रेन खातं, ते आधी कार्बन फिल्टरनं नाहीतर एसएमबीएस (सोडियम मेटाबायसल्फाइट) डोसिंगनं काढायला लागतं.

दुसरं, "हार्डनेस शून्य आला की झालं" हा गैरसमज. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम देतो, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) तिथंच, सिलिका (वाळूतला घटक, पाण्यात विरघळलेला) पण तिथंच. बेळगावच्या उद्यमबागेतल्या छोट्या १० किलो प्रेशरच्या बॉयलरला चालून जाईल, पण ६७ किंवा ८७ किलोच्या कोजनला (वाफेवर वीजही करणारा प्लांट) सिलिका वाफेबरोबर जाऊन टर्बाइनच्या ब्लेडवर बसते, तिथं डीएमच पाहिजे.

साइज ठरवताना लोक हंगामाच्या मध्याचा मेकअप (बॉयलरला वरून द्यायचं नवं पाणी) धरतात. तेव्हा कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) परत येत असतं, तासाला १०० टन वाफेच्या बॉयलरला १० टक्के धरला तर तासाला १० घनमीटर. पण सुरुवातीला बाष्पीभवन लाइनीला लागेपर्यंत कंडेन्सेट कुठनं येणार? तेवढं पाणी सगळं गाडीनंच द्यायचं, म्हणून टाकी मोठी घ्या आणि आधीच भरून ठेवा.

आता आमचाच किस्सा सांगतो. रात्री दोनला केमिस्टनं सांगितलं, बॉयलरच्या फीड टँकला कंडक्टिव्हिटी (पाण्यात क्षार किती ते दाखवणारा आकडा, मायक्रोसिमेन्समध्ये) ६. गाडीवाल्याला झापलं, बिचारा म्हणाला "साहेब, माझ्या आऊटलेटला मीटर लावून बघा की". लावला, ०.२. मग लाइन धरून टप्प्याटप्प्यानं बघत गेलो तर जुन्या प्लांटचा बायपास व्हॉल्व्ह पासिंग (बंद असूनही आतून गळत), कच्चं पाणी थेंबथेंब मिसळत होतं. व्हॉल्व्हचं चाक घट्ट आवळलं होतं म्हणे! तेव्हापासून जुन्या लाइनीला ब्लाइंड (पाइप पूर्ण बंद करणारी चकती) टाकल्याशिवाय गाडी जोडत नाही. आकडा १ च्या आसपास असेल तर मात्र आधी टाकीचं झाकण बघा, उघड्या टाकीत डीएम पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं, पीएच खाली जातो आणि लोखंडी लाइन गंजायला लागते.

बॉयलरमध्ये फेस आला आणि पीएच घसरला तर गाडीकडे नंतर या, आधी कंडेन्सेटमध्ये साखर आलीय का ते बघा. अल्फा नॅफ्थॉल टेस्टला जांभळी रिंग दिसली की ते कंडेन्सेट लगेच फीडमधून काढा.

आणि आरओचं रिजेक्ट. रिकव्हरी ७५ टक्के म्हणजे १०० लिटरमागे २५ लिटर खारट पाणी. ते कुठं जाणार हे गाडी यायच्या आधी ठरवा, रिजनरेशनचं (रेझिन परत ताजं करतानाचं) ॲसिड-कॉस्टिकचं पाणी तर न्यूट्रल केल्याशिवाय सोडूच नका. आमच्याकडे एकदा रात्रीत रिजेक्टचा पाइप ओढ्याकडं वळवला होता, सकाळी सातला खालच्या रानातले काका ओढ्याच्या पाण्याची कळशी घेऊन गेटवर उभे, म्हणाले, "हे पिऊन दाखवा बघू."