कुत्र्याचे सांधे दुखतात? घरच्या उपचारांतल्या या चुका टाळा

कुत्रा जिना चढताना अडखळला की लोक आधी हळदीची कॅप्सूल आणतात आणि पशुवैद्यांकडे महिन्याभराने जातात. लंगडण्याचं कारण दरवेळी संधिवातच नसतं. गोचीड तापातही सांधे सुजतात आणि तिथे मालिश काडीची कामाची नाही. आधी रक्त तपासा, एक्स-रे काढा, मग पूरक उपचारांचं बघा.

सगळ्यात जास्त चीड येते ती माणसांची औषधं कुत्र्याला दिल्याची. आमच्या सोसायटीतल्या एका म्हाताऱ्या लॅब्रडॉरला मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक चालू होतं. लगेच फरक दिसेना, म्हणून घरच्यांनी आजोबांची डायक्लोफेनॅकची, म्हणजे तशाच दुसऱ्या वेदनाशामकाची गोळी पोळीत घालून चारली, वर गुडघ्याचं मलमही चोळलं. मलम त्याने चाटून साफ केलं. मग उलट्या सुरू झाल्या, शी डांबरासारखी काळी. काळी शी म्हणजे पोटात किंवा आतड्यात रक्तस्राव. सलाइन लावून, रात्री जागून कसाबसा वाचला बिचारा. 'अर्धीच गोळी दिली होती' हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलंय. अशी एकाच प्रकारची दोन वेदनाशामकं एकत्र दिली की जठर आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. आयबुप्रोफेनही नको. कापूर किंवा विंटरग्रीन असलेलं तेल तर घरातच ठेवू नका. मी नवीन काही सुरू करण्याआधी चालू औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांना दाखवते, अगदी हळदीच्या कॅप्सूलसकट.

ग्लुकोसामिन हे सांध्यांसाठीचं पूरक सुरू केलंच असेल तर आठवड्याभरात बंद करू नका. पण त्याचा उपयोग होतो याचे पुरावे कच्चे आहेत. माझा भर माशाच्या तेलावर, तोही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. ॲक्युपंक्चर प्रशिक्षित पशुवैद्यांकडूनच. गुळगुळीत फरशीवर सतरंजी घाला.

वजनाचा विषय काढला की मात्र सगळे गप्प होतात. अमेरिकेत 48 लॅब्रडॉर जन्मभर अभ्यासले गेले. त्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांत संधिवात उशिरा आला आणि आयुष्यही साधारण पावणेदोन वर्षांनी वाढलं. लठ्ठ कुत्र्यासाठी महागडी वॉटर ट्रेडमिल (पाण्यात चालवण्याचं यंत्र) बुक करायची आणि घरी चहाबरोबर बिस्किटं चारायची, हे मला पटत नाही. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत.

दर पंधरा दिवसांनी त्याच वाटेवर चालतानाचा व्हिडिओ काढा. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा पुष्कळदा नीट चालून दाखवतो आणि डॉक्टरांना खरी चाल दिसतच नाही.