परदेशी शाळेत शिकवायला जायचंय? पुण्यातल्या शिक्षकांनी सुरुवात कुठून करावी

शिक्षक म्हणून परदेशी जायचं ठरलं की बहुतेकांची पहिली फेरी एजंटाच्या ऑफिसात होते आणि पहिला प्रश्न असतो, "सध्या कुठल्या देशाचा व्हिसा सोपा आहे?" खरं तर व्हिसा ही शेवटची पायरी. त्याआधी त्या देशाने तुम्हाला शिक्षक म्हणून मान्य करावं लागतं. ते ठरतं तुमच्या बी.एड.वर, विषयावर आणि गेल्या काही वर्षांत कुठल्या इयत्तांना शिकवलंत त्यावर. हे तीन मुद्दे कागदावर मांडले की अर्धे देश आपोआप गळतात. उरलेल्यांवर पैसे खर्च करायला हरकत नाही.

आधी आपली पात्रता कुठे बसते ते पाहा

इंग्लंडमध्ये सरकारी शाळांत पक्की नोकरी हवी तर क्यूटीएस, म्हणजे तिथला शिक्षक-दर्जा मिळवावा लागतो. फेब्रुवारी २०२३ पासून भारतीय शिक्षकांना त्यासाठी थेट ऑनलाइन अर्ज करता येतो आणि अर्जाला फी नाही. मात्र भारतातून अर्ज करणाऱ्याची पात्रता ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची असली पाहिजे. भाषा म्हणजे इथे फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यांसारख्या परकीय भाषा. त्यामुळे रानडे इन्स्टिट्यूटमधून जर्मन करून पुढे बी.एड. केलेल्या बाईंना ही वाट मोकळी आहे, पण इतिहास-भूगोलाच्या किंवा पहिली ते चौथीच्या शिक्षकांना नाही. शिवाय पदवी हवी आणि पात्र शिक्षक म्हणून किमान एका शालेय वर्षाचा अनुभव हवा.

ऑस्ट्रेलियाचं गणित वेगळं आहे. तिथे पूर्वप्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक आणि विशेष शिक्षक यांची तपासणी एआयटीएसएल ही संस्था करते. तिला किमान चार वर्षांचं उच्च शिक्षण लागतं आणि त्यात किमान एक वर्ष अध्यापन-प्रशिक्षणाचं असावं लागतं. तीन वर्षांची बी.एस्सी. आणि एक वर्षाची जुनी बी.एड. या हिशेबात बसते, पण बारावीनंतर फक्त डी.एड. केलेल्यांचं त्यात भागत नाही. सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते सराव-अध्यापनाच्या अटीवर: शाळेतल्या खऱ्या मुलांसमोर, देखरेखीखाली, किमान ४५ दिवस. आपल्याकडे जुन्या बी.एड.ला दिवस मोजत नसत, पाठ मोजत. सहाध्यायांसमोर घेतलेलं सूक्ष्म अध्यापन यात धरता येत नाही. २०१५ नंतरच्या दोन वर्षांच्या बी.एड.वाल्यांना ही चिंता कमी, कारण त्यांची इंटर्नशिप वीस आठवड्यांच्या घरात जाते.

न्यूझीलंडच्या ग्रीन लिस्टवर, म्हणजे तिथे हव्या असलेल्या कामांच्या सरकारी यादीत, शिक्षक आहेत, पण टीचिंग कौन्सिलची नोंदणी आणि पदव्यांची तुलनात्मक तपासणी आधी लागते. कॅनडात प्रत्येक प्रांत शिक्षकाला स्वतंत्र परवाना देतो. २०२५ मध्ये एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे तिथे कायम राहायला येणाऱ्यांची निवड करणाऱ्या योजनेत, शिक्षण क्षेत्राचा वेगळा गट आला म्हणून अनेक जण खूश झाले, पण पीआर (कायम राहण्याचा परवाना) मिळाली म्हणजे ओंटारिओतल्या सरकारी शाळेच्या वर्गात उभं राहता येतं असं नाही. अमेरिकेचा जे-१ हा शिक्षकांसाठीचा देवाणघेवाणीचा व्हिसा: तीन वर्षं, फार तर आणखी दोन. दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. कायमचं स्थायिक व्हायचं असेल तर ही वाट नव्हे; अनुभव आणि थोडी बचत हवी असेल तर उत्तम.

नावाचा घोळ आत्ताच सोडवा

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त वेळ हाच खातो. दहावीच्या गुणपत्रिकेवर "कुलकर्णी स्नेहा रमेश", बी.एड.च्या प्रमाणपत्रावर आईच्या नावासकट चार शब्द, पासपोर्टवर "स्नेहा अमित देशपांडे", आणि शाळेच्या हजेरीपटावर "सौ. एस. ए. देशपांडे". आपल्याला यात काही खटकत नाही. मेलबर्नला बसलेल्या तपासनिसाला मात्र या चार वेगळ्या बायका वाटतात.

लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र इंग्रजीत किंवा अधिकृत भाषांतरासह हाताशी ठेवा. लग्नानंतर पहिलं नावही बदललं असेल तर राज्य राजपत्रात प्रसिद्ध झालेली नाव-बदलाची नोंद लागेल. ती नसेल तर आजच अर्ज करा. नोटरीकडचं "या दोन्ही व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र पूरक म्हणून चालतं, पण सगळा भार त्यावर टाकू नये. पासपोर्टच्या नूतनीकरणाची वेळ आली असेल तर नाव बदलायचं की नाही याचा निर्णय त्याआधीच घ्या, कारण पुढचे सगळे अर्ज पासपोर्टवरच्या नावाने जाणार आहेत.

विद्यापीठ, कॉलेज आणि शाळा यांच्याकडून काय मागायचं

पदवी आणि बी.एड.च्या ट्रान्स्क्रिप्टसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो. पदवी प्रमाणपत्र घेतलेलंच नसेल (असे शिक्षक पुण्यात कमी नाहीत, गुणपत्रिकेवर नोकरी लागली की पदवीदान कोण आठवणीत ठेवतं), तर आधी ते काढा. डी.एड.ची कागदपत्रं विद्यापीठात शोधू नका. त्यांची परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची असते. परिषदेचं कार्यालय पुण्यातच आहे, ही आपली सोय.

कॉलेजकडून सराव-अध्यापनाचं पत्र घ्यावं लागतं, आणि तिथे स्वतः जावं लागतं. "विद्यार्थिनीने अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण केला असून तिची वर्तणूक चांगली आहे" या छापाचं बोनाफाइड कार्यालयात तयारच असतं. ते नम्रपणे परत करा आणि हवा तो मजकूर स्वतः इंग्रजीत टाइप करून न्या: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक शाळेत, अमुक इयत्तेला, अमुक विषय, एकूण इतके दिवस, देखरेख करणाऱ्या प्राध्यापकांचं पद. प्राचार्यांची सही, शिक्का, आणि कॉलेजचा चालू ई-मेल पत्ता. तो ई-मेल उघडणारं कोणी आहे ना, हेही क्लार्कला विचारून घ्या, कारण तपासणी करणारी संस्था पडताळणीसाठी तिथे लिहू शकते आणि उत्तर आलं नाही तर फाइल तशीच पडून राहते.

शाळेच्या अनुभवपत्राचीही तीच कथा. पद, पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याचे तास, इयत्ता, विषय, रुजू झाल्याची तारीख आणि अजून नोकरीत असल्याचा उल्लेख, एवढं त्यात हवंच. "सहशिक्षिका" एवढं लिहून भागणार नाही. सातवी ते दहावी विज्ञान असं स्पष्ट हवं. अनुदानित शाळेतल्यांची सेवापुस्तिका मराठीत असते. तिच्या हव्या त्या पानांचं अधिकृत भाषांतर करून घ्या. जोडीला पगाराच्या पावत्या आणि फॉर्म १६ असू द्या. विनाअनुदानित शाळांत काही वेळा सही एका आकड्यावर आणि हातात पगार दुसरा, असा प्रकार चालतो. तिथे बँकेच्या पासबुकातला आकडाच खरा धरला जाईल, हे लक्षात ठेवून अर्ज भरा.

अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाने केलेलं साक्षांकन, मात्र सरसकट करून ठेवू नका. ज्या देशाने, ज्या कागदावर मागितलं, तेवढंच करा. क्यूटीएसचा अर्ज स्कॅन केलेल्या प्रतींवर होतो. संयुक्त अरब अमिरातीत मात्र साक्षांकनाची पूर्ण साखळी लागते: आधी राज्य पातळीवर मुंबईत, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांचा दूतावास. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट हातात घेत नाही, नेमलेल्या एजन्सींमार्फत घेतं. त्या एजन्सींची नावं मंत्रालयाच्या संकेतस्थळावरच पाहा.

इंग्रजीची परीक्षा: कुठली द्यायची ते आधी बघा

ऑस्ट्रेलियासाठी आयईएल्टीएस अकॅडेमिक लागते, आणि पट्टी उंच आहे: वाचन-लेखनाला ७, ऐकणं-बोलण्याला ८. न्यूझीलंडच्या टीचिंग कौन्सिलला चारही भागांत ७ हवेत. इंग्लंडच्या क्यूटीएसला बी-२ पातळी, म्हणजे साधारण ५.५ पुरतात. पण ब्रिटनच्या व्हिसासाठी हीच परीक्षा "यूकेव्हीआय" प्रकारात द्यावी लागते. नाव सारखं, पण बुकिंग करतानाचा पर्याय वेगळा. चुकीची दिली तर सुमारे अठरा हजार रुपये फुकट. जानेवारी २०२६ पासून ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसालाही, म्हणजे नोकरीसाठीच्या व्हिसालाही, बी-२ लागतं.

माझं मत विचाराल तर मराठी माध्यमातल्या शिक्षकाने ही परीक्षा सगळ्यात आधी द्यावी असा जो सल्ला मिळतो, तो अर्धवट आहे. निकाल दोनच वर्षं चालतो. नाव आणि अनुभवपत्राची कामं मार्गी लागली की तारीख घ्या. तोवर रोज बोलण्याचा सराव करा, कारण ८ हा आकडा क्लासमध्ये साचेबद्ध उत्तरं पाठ करून येत नाही.

मान्यता, मग नोकरी, मग व्हिसा

ऑस्ट्रेलियाला नोकरीची ऑफर नसतानाही गुणांच्या जोरावर १८९, १९० किंवा ४९१ या व्हिसांचा विचार करता येतो. किमान ६५ गुण लागतात आणि वय ४५ च्या आत असावं लागतं. चौतीस वर्षांच्या, आठ वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलेल्या शिक्षिकेचा हिशेब असा: वयाचे २५, चारही भागांत किमान ७ असल्याचे १०, पदवीचे १५, अनुभवाचे १५. झाले ६५. राज्याने नामांकन दिलं तर १९० ला ५ आणि ४९१ ला १५ गुण वाढतात. पण ६५ हा फक्त उंबरठा आहे, व्हिसासाठी अर्ज करण्याचं आमंत्रण जास्त गुणवाल्यांना आधी जातं. म्हणूनच पस्तिशीच्या आसपासच्यांनी "पुढच्या वर्षी बघू" म्हणू नये: चाळिशी ओलांडली की वयाचे गुण २५ वरून १५ वर येतात. व्हिसा मिळाल्यावरही त्या राज्याची शिक्षक-नोंदणी वेगळी करावी लागते.

ब्रिटनला आधी नोकरी लागते, तीही स्पॉन्सर लायसन्स (परदेशी माणसाला नोकरीवर घेण्याचा सरकारी परवाना) असलेल्या शाळेत. शाळा शोधण्यासाठी तिथल्या शिक्षण खात्याचं "टीचिंग व्हेकन्सीज" हे संकेतस्थळ फुकट आहे. तिथलं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं आणि शिक्षकांचे राजीनामे ३१ मेपर्यंत येतात, त्यामुळे मार्च ते मे हे जाहिरातींचे महिने. इकडे नेमक्या तेव्हाच आपल्या वार्षिक परीक्षा आणि पेपर तपासणी, तेव्हा मुलाखतीसाठी संध्याकाळच्या वेळा मोकळ्या ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून लंडनबाहेर मुख्य वेतनश्रेणीची पहिली पायरी वर्षाला ३२,९१६ पौंड आहे. व्हिसाची सर्वसाधारण किमान पगारमर्यादा ४१,७०० पौंडांवर गेल्याचं वाचून घाबरू नका. राष्ट्रीय वेतनश्रेणीवरच्या शिक्षकांना वेगळा निकष लागतो. व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार मात्र मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा. नवरा-बायको दोघं, तीन वर्षं, असा गुणाकार करूनच बँकेत जा.

पीसीसी, म्हणजे तुमच्यावर गुन्हा नसल्याचं पोलिसांच्या तपासणीचं प्रमाणपत्र, शेवटी काढा, कारण त्याची मुदत थोडी असते. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज, ५०० रुपये फी, आणि मुंढव्याच्या केंद्रात अपॉइंटमेंट. राहता पत्ता पासपोर्टवरच्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल तर पोलीस चौकशीसाठी जास्तीचे दिवस धरा.

एजंट लागतोच का?

क्यूटीएस, एआयटीएसएल, आयईएल्टीएस, पीसीसी ही चारही कामं पदवीधर शिक्षक स्वतः करू शकतो. घ्यायचाच असेल तर कोणाचा सल्ला घेताय ते तपासा. परदेशी नोकरी लावून देणारा भारतातला एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला असलाच पाहिजे, आणि तो तुमच्याकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही.

"सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप मिळवून देतो, एवढे लाख" असं कोणी म्हणालं की चहा संपवून उठा. ब्रिटनच्या व्हिसाला लागणारं ते प्रमाणपत्र शाळा देते आणि त्याची फी शाळेनेच भरायची असते. "आधी टीचिंग असिस्टंट म्हणून चला, मग बघू" हीसुद्धा थाप आहे; जुलै २०२५ नंतर त्या पदासाठी नव्याने स्पॉन्सरशिप मिळत नाही.

इकडची नोकरी सोडताना

व्हिसा पासपोर्टवर किंवा ई-व्हिसा म्हणून खात्यात दिसेपर्यंत राजीनामा देऊ नका. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या सेवाशर्तींनुसार कायम शिक्षकाने तीन महिन्यांची आणि अस्थायीने एक महिन्याची पूर्वसूचना द्यायची असते. म्हणजे सप्टेंबरला लीड्समध्ये रुजू व्हायचं तर मे संपता संपता पत्र संस्थेकडे पोचायला हवं, आणि तोवर व्हिसा हातात असेलच असं नाही. यावर उपाय एकच: नोकरीची ऑफर आली की मुख्याध्यापकांशी मोकळेपणाने बोला आणि परदेशातल्या शाळेला तुमची नोटिसची मुदत मुलाखतीतच सांगा. त्या शाळांना जानेवारीतही शिक्षक लागतात. अनुदानित शाळेत असाल तर राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजा मिळते का, हे संस्थाचालक आणि शिक्षणाधिकारी कार्यालय दोन्हीकडे लेखी विचारा. तोंडी "हो, हो" चालत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि सेवापुस्तिकेची साक्षांकित प्रत निघण्याआधी मार्गी लावा. मूळ प्रमाणपत्रं हातातल्या बॅगेत ठेवा, आणि एक पूर्ण संच पुण्यात घरी, अशा कोणाकडे की जो मागितल्यावर दुसऱ्या दिवशी विद्यापीठात जाऊ शकेल.