सिंगापूर–पेनांग–फुकेत क्रूझ: किनाऱ्यावर उतरताना या चुका टाळा

आपल्याकडची मंडळी हल्ली सिंगापूरला गेली की तीन-चार रात्रींची क्रूझ हमखास जोडतात. मलेशियातलं पेनांग, थायलंडमधलं फुकेत, कधी मलेशियाचंच पोर्ट क्लांग. ग्रुप घेऊन या मार्गावर जाणं हे माझं काम, त्यामुळे त्याच त्या चुका बघून आता मला कंटाळा आलाय. सगळ्यांत महागात पडणारी पहिल्यांदा सांगतो.

फोनमधल्या घड्याळावर विसंबणं

सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच, आपल्या अडीच तास पुढे. थायलंड मात्र सिंगापूरच्या एक तास मागे. सिंगापूरहून सुटलेली बरीच जहाजं फुकेतला पोचली तरी आपली वेळ बदलत नाहीत. तुमचा फोन किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडतो आणि न सांगता, न विचारता एक तास मागे जातो. जहाजावर पाच वाजतात तेव्हा फोन चार दाखवतो. परत यायची वेळ मात्र जहाजाच्याच घड्याळाने ठरलेली असते.

एकदा फुकेतमधल्या पातोंगच्या किनाऱ्यावर शेवटची बोट पाचला होती. साडेचारच्या मोजणीत माझ्या ग्रुपमधले एक काका-काकू नाहीत. शोधत निघालो. बीच रोडवरच्या एका मसाज पार्लरच्या ओट्यावर दोघं आरामात खुर्च्यांत रेलून बसलेली, पाय तेलाने माखलेले. मी म्हटलं, "काका, उठा, बोट सुटतेय." काकांनी शांतपणे फोन पुढे केला. "अहो, तीन पन्नास झालेत. अजून तास आहे की!" माझ्या मनगटावर चार पन्नास. काकूंनी आपलं घड्याळ पाहिलं तर दोन वीस, कारण गोळ्यांच्या वेळा चुकू नयेत म्हणून त्यांनी ते भारतातल्या वेळेवरच ठेवलं होतं. तीन घड्याळं, तीन वेळा, आणि हातात दहा मिनिटं. काकू चपला हातात घेऊन वाळूतून पळाल्या, काका मागून "पैसे द्यायचे राहिले" म्हणून ओरडत. पैसे मी दिले. बोटीवरच्या खलाशाने दोर सोडायला घेतला होता, तेवढ्यात पोचलो.

सकाळी उतरताना हीच गोष्ट स्पीकरवरून दोनदा सांगितली होती. तेव्हा अर्धा ग्रुप लिफ्टपाशी धक्काबुक्की करत होता. सगळ्यांच्या आधी उतरायची ज्याला घाई, तोच संध्याकाळी सगळ्यांत शेवटी येतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता सकाळीच ओळखतो कोणाला शोधायला लागणार.

माझा उपाय साधा आहे. काट्यांचं स्वस्तातलं मनगटी घड्याळ. पहिल्या संध्याकाळी जहाजावरच्या घड्याळाशी जुळवायचं आणि सफर संपेपर्यंत हात लावायचा नाही. स्मार्टवॉच नको, तेही फोनचंच ऐकतं. शिवाय केबिनमध्ये रोज येणाऱ्या पत्रकाचा फोटो काढून ठेवतो. त्यात परतायची शेवटची वेळ असते, त्या दिवशी जहाज स्थानिक वेळ पाळणार की स्वतःची ते असतं, आणि बंदरावरच्या एजंटचा नंबरही असतो. जहाज चुकलं तर हाच नंबर उपयोगी पडतो. जहाजाकडून घेतलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. तुम्ही स्वतः केलेल्या टॅक्सीसाठी ते थांबत नाही आणि त्याने थांबावं अशी अपेक्षाही करू नका.

नकाशावर अंतर मोजणं, वेळ न मोजणं

फुकेतला अनेक जहाजं पातोंगसमोर नांगर टाकतात आणि छोट्या टेंडर बोटींतून लोकांना किनाऱ्यावर सोडतात. म्हणजे उतरायला रांग, परतायलाही रांग. थांबा आठ तासांचा असला तरी तुमच्या हातात पाच-सहाच येतात, आणि त्यात लोक फी फी बेटं बसवायला बघतात! तिकडच्या स्पीडबोटी बहुतेक फुकेत बेटाच्या पूर्वेकडच्या धक्क्यांवरून सुटतात. पातोंगहून आधी टेकडी ओलांडा, तिथल्या ट्रॅफिकमध्ये अडका, मग तासभर बोट, आणि हे सगळं परत उलटं. फी फीला जायचंच तर दोन रात्री फुकेतला राहायला जा. क्रूझवरून जाऊ नका.

मी काय करतो? एकच गोष्ट. फुकेतच्या जुन्या शहरात जातो. थलांग रोड, सोई रोमानी, कथिलाच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या चिनी व्यापाऱ्यांची ती रंगीत घरं. निवांत जेवतो आणि जहाजाने दिलेल्या वेळेच्या दीड तास आधी पातोंगला परत. राहिलेला वेळ किनाऱ्यावर नारळपाणी पीत काढायचा. "एवढ्या वेळात आणखी एक पॉइंट झाला असता" असं कोणी म्हणालं की मी ऐकू न आल्यासारखं करतो.

मे ते ऑक्टोबरमध्ये जात असाल तर एक लक्षात ठेवा. नैर्ऋत्य मोसमी वारा याच पश्चिम किनाऱ्यावर आदळतो. समुद्र खवळला तर टेंडर बंद आणि थांबाच रद्द होऊ शकतो, म्हणून बाहेरच्या सहलीचे पैसे आगाऊ भरताना ते परत मिळायची अट वाचा. किनाऱ्यावर लाल झेंडा दिसला तर गुडघाभर पाण्यातही जायचं नाही. "आम्ही कोकणातले" हे तिथल्या ओढीला कळत नाही.

बंदराचं नाव म्हणजे शहर समजणं

मुरगावला उतरलं म्हणजे कलंगुटला पोचलं, असं कोणी गोव्याबद्दल म्हणणार नाही. पण "क्वालालंपूर (पोर्ट क्लांग)" असं कागदावर दिसलं की हेच लोक पेट्रोनास टॉवर धक्क्यावरून दिसेल अशी कल्पना करून उतरतात. क्रूझचा धक्का पुलाऊ इंदाह बेटावर, कंटेनरच्या बंदराशेजारी आहे. तिथून शहर एका बाजूला तासाभराहून लांब, आणि संध्याकाळी किती लागेल ते ट्रॅफिक ठरवतं. बाटू केव्ह्ज या गुहेतल्या मंदिराच्या 272 पायऱ्या, टॉवर, चायनाटाउनची खरेदी, हे तिन्ही एका थांब्यात मावत नाही. पायऱ्या चढणार असाल तर टॉवरचा फोटो बसमधून काढा.

पेनांगला टेकडीकडे धावणं

इथे लोक उलटी चूक करतात. स्वेटनहॅम पिअरचा धक्का थेट जॉर्जटाउनमध्ये आहे. 2008 पासून युनेस्कोच्या यादीत असलेलं हे जुनं शहर समोर सोडून मंडळी टॅक्सी करतात, पेनांग हिलला जातात आणि सुट्टीच्या दिवशी फ्युनिक्युलरच्या, म्हणजे टेकडी चढणाऱ्या रेल्वेच्या रांगेत उभी राहतात. वर गेल्यावर ढग.

त्यापेक्षा चाला. धक्क्याबाहेर पडलात की व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून बांधलेला साठ फुटी घड्याळाचा मनोरा लागतो. शेजारीच फोर्ट कॉर्नवॉलिस. हा कॉर्नवॉलिस म्हणजे टिपूवरच्या मोहिमेत मराठ्यांच्या साथीने लढलेला तोच गव्हर्नर जनरल. तिथून थोडं चाललं की लिटल इंडिया, 1833 चं महामारिअम्मन मंदिर, पुढे आर्मेनियन स्ट्रीटवरची भित्तिचित्रं, आणि शेवटी पाण्यावर खांब रोवून वसवलेली च्यू जेटी ही वस्ती. पाय दुखले तर फुकट फिरणारी कॅट बस आहे. छत्री मात्र हवीच. जॉर्जटाउन विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवर आहे, दुपारी ऊन भाजतं आणि मग अचानक पाऊस कोसळतो.

शाकाहारी असाल तर "नो मीट" एवढंच सांगून भागत नाही. 'चार क्वे त्याओ' या परतलेल्या नूडल्समध्ये झिंगे, बऱ्याचदा डुकराची चरबी, लाक्सा या नूडल्सच्या सूपमध्ये मासा, आणि वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या सांबल या मिरचीच्या चटणीमध्येही सुकटीची पेस्ट. सरळ लिटल इंडियातल्या शाकाहारी खाणावळीत केळीच्या पानावर जेवा.

उरलेल्या, थोडक्यात

मलेशिया-थायलंडने भारतीयांना व्हिसात सवलत दिली म्हणून सिंगापूरचा व्हिसा सिंगल एंट्री चालेल असं समजू नका. जहाज परत सिंगापूरलाच येतं, मल्टिपल एंट्रीच हवा. सवलतीला मुदत असते, ती बुकिंग करताना तपासा.

मलेशिया आणि थायलंड दोन्ही देशांची ऑनलाइन आगमन कार्डं सरकारी साइटवर फुकट भरता येतात. त्यासाठी पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. तुमच्या सफरीला कार्ड लागतं का, हे एजंटकडून लेखी घ्या.

भर समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. जहाजावरच्या नेटवर्कचं रोमिंग बिल घरी आल्यावर भोवतं.

बुफेतली केळी आणि सँडविच पर्समधून बाहेर नेऊ नका. उतरताना तपासतात, टाकायला लावतात, आणि मागची रांग खोळंबते.

पातोंगला जेट स्की घेण्याआधी चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, नाहीतर जुन्या ओरखड्यांचे पैसे तुमच्याकडून मागतील. मी तर घेऊच देत नाही.

फुकेतहून व्हेप (ई-सिगारेट) किंवा गांजाचं काहीही गंमत म्हणूनसुद्धा बॅगेत टाकू नका. शेवटचा धक्का सिंगापूरचा आहे आणि तिथे गंमत चालत नाही. आठवण म्हणून काही न्यायचंच असेल तर पेनांगचं जायफळ घ्या. साखरेत मुरवलेलं मिळतं, तेल मिळतं, आणि घरी आल्यावर श्रीखंडातही पडतं.